पाहणे आणि राहणे

माझ्या भाचीने स्पेनमधल्या टोलेडो नावाच्या गावात एक वर्ष काढले. गेली होती ती शिकायला. परंतु तिकडून जी छायाचित्रे ती माझ्या मोबाइलवर पाठवी, त्यांत वह्या-पुस्तके कुठे दिसत नसत. दिसत ते दगड. दगडी कमानी, दगडी पायऱ्या, दोन माणसे समोरासमोर आली तर एकीने भिंतीला चिकटून उभे राहावे इतक्या अरुंद दगडी गल्ल्या, आणि खाली तीन बाजूंनी गावाला वळसा घालून जाणारी ताहो नदी. प्रत्येक छायाचित्राखाली तिचे एखादे उद्गारवाचक वाक्य असे. एकदा तिने लिहिले, ‘आत्या, इथे नुसते चालायला निघाले तरी पायाला इतिहास लागतो!’

ते वाक्य मी वाचले तेव्हा एसटीतून नुकतीच उतरले होते आणि माझ्या पायाला चिखल लागलेला होता. कॉलेजातून घरी परतण्याची माझी ही रोजची वाट. तालुक्याच्या गावी मुलांना मराठी शिकवायचे, सायंकाळची एसटी धरायची आणि सुलतानपूरच्या फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत यायचे, हा क्रम गेली कित्येक वर्षे चालू आहे. त्या संध्याकाळी मला भाचीचा हेवा वाटला, हे कबूल केलेले बरे. वाटले, नशीब लागते बाई! कुणाच्या वाट्याला टोलेडो येते, कुणाच्या वाट्याला सुलतानपूर!

सुलतानपूर कुठे, असे तुम्ही विचारणारच. माझ्या माहेरच्या पुण्यातल्या माणसांनी वीस वर्षांपूर्वी तेच विचारले होते. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात, सिंदखेडराजाहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. मुंबईहून नागपूरला जाणारा जुना हमरस्ता तो हाच. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांबच्या पुष्कळ गाड्या तिकडे वळल्या. तेव्हापासून रात्री ट्रकांचा आवाज कमी झाला आणि सासूबाईंना झोप लागेनाशी झाली! गावाच्या नावात सुलतान आहे. बाकी सारा संसार कापसाचा, तुरीचा आणि सोयाबीनचा.

तर गेल्या वर्षीच्या दिवाळीला ही भाची आमच्याकडे यायची होती. आधी तिचा फोन आला. ‘आत्या, तुझ्याकडे पाहण्यासारखे काय काय आहे?’

‘आमच्याकडे काय असणार?’ मी म्हणाले, ‘शेत पाहा, विहीर पाहा, मला पाहा.’

सासूबाई शेजारीच वाती वळीत बसल्या होत्या. फोन ठेवताच त्या म्हणाल्या, ‘काहून वं, लोणार का आता उठून कुठं गेलं काय?’

मी वरमले. लोणार आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. एका बाजूला मेहकर, दुसऱ्या बाजूला सिंदखेडराजा. या तीन गावांच्या मधोमध वीस वर्षे राहून मी बिनदिक्कत ‘काही नाही’ म्हणून मोकळी झाले होते. मला लोणार म्हणजे भूविकास बँकेच्या जुन्या कर्जाचे कागद, मेहकर म्हणजे दवाखाना आणि सिंदखेडराजा म्हणजे जालन्याची गाडी बदलण्याचे ठिकाण! पाहायला आपण परगावी जातो. जिथे राहतो तिथे कामे असतात.

भाची आली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही लोणारला निघालो. सासूबाईही निघाल्या, त्यांना धारेवर आंघोळ करायची होती.

लोणारचे सरोवर काठावरून प्रथम पाहणारा माणूस काही क्षण बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. भाचीही बोलली नाही. सपाट काळ्या पठारात अचानक जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, आत उतरत गेलेले हिरवे रान आणि तळाशी खाऱ्या पाण्याचा थाळा. उल्का आदळून कठीण काळ्या पाषाणात पडलेला हा खळगा. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ साली त्याची नोंद केली तेव्हा आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे तो ज्वालामुखीचा समजत. त्याचे वय पूर्वी सुमारे बावन्न हजार वर्षे धरीत. पुढे अधिक बारकाईने झालेल्या तपासणीत ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात गेले. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांना लोणारची आठवण झाली. खारेपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

हे सारे मी भाचीला मास्तरीण होऊन सांगितले. सासूबाईंनी मात्र एका वाक्यात उरकले : ‘इथं लवणासुर राहे. देवानं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं अन् मारला त्याला.’ आणि खरे सांगायचे तर, आकाशातून काहीतरी आले, मोठा आघात झाला आणि जमिनीचे झाकण उडाले, एवढ्यापुरते सासूबाई आणि शास्त्रज्ञ यांचे फारसे भांडण नाही!

गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात आम्ही बॅटरी घेऊन शिरलो. बाहेरच्या भिंती नखशिखांत कोरलेल्या, आत दाट अंधार आणि प्रकाशाचा झोत वर नेला की छतावर पुराणातले प्रसंग एकदम जिवंत होतात. भाची मान वर करून किती तरी वेळ उभी होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘आत्या, टोलेडोत असे देऊळ असते तर तिकिटाला रांग लागली असती. इथे तर आपण तिघीच!’

मग धार. डोंगराच्या कपारीतून गोमुखातून पडणारे गोडे पाणी; खाली खारे सरोवर, वर ही गोडी धार. बायका आंघोळी करीत होत्या, एक म्हातारी लुगडे पिळीत होती, पोरे ओरडत होती. भाचीने छायाचित्र घ्यायला हात उचलला आणि खाली घेतला. म्हणाली, ‘टोलेडोत मी असे कधी पाहिले नाही. तिथे सारे लोक पाहायलाच आलेले असतात. इथे कुणीच पाहत नाही, सगळ्या वापरताहेत.’

तिच्या त्या वाक्याने मला थांबवले, कारण मी ज्या पुस्तकावर वर्षानुवर्षे वर्गात बोलते ते याच मुलखातले आहे. सुमारे १२७८ साली म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही आमच्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरला. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. त्यातले चक्रधरस्वामी या लोणारला येऊन गेले, मेहकरलाही येऊन गेले. आणि गंमत अशी की त्याच काळात तिकडे टोलेडोला दहावा आल्फोन्सो राजा पंडितांना हाताशी धरून अरबी ग्रंथ कॅस्टिलियन बोलीत उतरवून घेत होता. स्पॅनिश गद्य तिथे उभे राहिले. तो १२८४ साली वारला. म्हणजे दोन गावांचा एकमेकांना पत्ता नसताना दोन बोलभाषा एकाच पिढीत लिहिते झाल्या. फरक एवढाच, की तिकडे राजा लिहवून घेत होता आणि इकडे म्हाइंभट गुरूच्या आठवणी सांगणाऱ्या माणसांच्या दारोदार हिंडत होते. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी टिपल्या. राजाच्या दरबारात ज्या कुणी टिपल्या नसत्या त्याच!

परतताना सासूबाईंच्या औषधासाठी मेहकरवरून आलो. दवाखान्याच्या पलीकडेही मेहकर आहे, हे मी त्या दिवशी प्रथम भाचीला आणि तिच्या निमित्ताने स्वतःला दाखवले. बालाजीच्या देवळात १८८८ साली जमिनीतून निघालेली काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती आहे, माणसाने मान वर करून पाहावी एवढी. आणि याच गावात ना. घ. देशपांडे वकिली करीत राहिले. १९०९ साली जवळच्याच शेंदुर्जनला जन्मलेला हा कवी. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवरून महाराष्ट्रभर गेली, त्याच नावाचा संग्रह १९५४ साली निघाला, पुढे ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, कवी मात्र २००० साली जाईपर्यंत मेहकरचाच राहिला. मुंबई-पुण्याला गेल्यावाचून कवी होता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा मेहकरला यावे. मलाही पहिली दहा वर्षे तसेच वाटत होते, म्हणून सांगते.

तिसऱ्या दिवशी आम्ही सिंदखेडराजाला गेलो. लखुजी जाधवरावांचा राजवाडा, जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीला इथे लोटणारी गर्दी मी पाहिली आहे. पण त्या दिवशी वाड्यात शुकशुकाट होता, आणि मोठ्या माणसांपेक्षा एखाद्या लहान मुलीचे घर म्हणून तो वाडा मला प्रथमच दिसला. रंगमहालात बाळ शहाजी आणि बाळ जिजाऊ यांनी एकमेकांवर रंग उडवला अशी आख्यायिका आहे. त्या रंगाचे पुढे काय झाले ते महाराष्ट्र जाणतो. आणि १६२९ साली दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे दोन मुलगे आणि नातू असे एका दिवशी कापले गेले, हेही जाणतो. लखुजींच्या समाधीच्या परिसरात डागडुजी चालू असता २०२४ च्या जूनमध्ये पुरातत्त्व खात्याला जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती सापडली. चारशे वर्षांची समाधी आपण जुनी म्हणतो; तिच्या पायाशी त्याहून जुने काही निजलेले होते.

घरी येताना भाची म्हणाली, ‘आत्या, तुम्ही सगळे किती भाग्यवान आहात!’ मीही मनातल्या मनात थोडी फुगले. इथपर्यंत सारे गोड झाले.

कडू झाले ते रात्री, जेवणे उरकल्यावर. आमचे घर तेव्हा जुने होते. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी खांब, वर मातीचे धाबे, भिंतीतच धान्य साठवायचे बळद, आणि मधल्या खोलीत छताला एक झरोका, त्यातून दुपारी उन्हाचा कवडसा जमिनीवर सरकत जाई. भाची त्या घरावर खूष होती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, अशी स्तुती ती करीत होती, आणि यांनी सहज म्हटले, ‘आता तुळशीचे लग्न झाले की पाडायला काढतो. स्लॅबचे बांधायचे.’

भाची ताडकन उठली. ‘पाडणार? काका, असे घर पाडतात का? टोलेडोत साधी खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते! तिथे लोक जपतात म्हणून आज ते गाव जागतिक वारसा आहे. आपण सगळे पाडत सुटलो तर उरेल काय?’

हे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. खरे म्हणजे मला तिचेही पटत होते. वर्गात मी याच विषयावर किती तरी वेळा पोटतिडकीने बोलले आहे. बोलल्या त्या सासूबाई. आवाज न चढवता त्यांनी विचारले :

‘पोरी, तुले हे घर लई आवडलं ना? मंग राह्यशीन का यात?’

भाची गप्प झाली.

‘दरसाल मिरगाच्या आधी धाब्यावर माती टाका लागते. ती चोपा लागते. तुहे मामंजी व्हते तवर’ (हे मला उद्देशून) ‘ते करत. आता गडी भेटत नाही. यंदा मधल्या खणातून पाणी आलं तं रातभर मी अन् तुही आत्या घमेले धरून बसलो. उंदराची भोकं निराळीच. पाह्याले घर चांगलं हाय, बाई. राह्याले कोरडं पाह्यजे.’

रात्री अंथरुणावर पडल्यावर भाची मला हळूच म्हणाली, ‘आत्या, माझी तिथली घरमालकीण असेच म्हणायची. नवरा गेलेला, गुडघे दुखतात. गावात चढून यायला सरकते जिने बसवले आहेत. पण तिच्या दारापाशी जिना दगडीच. मुलगा गावाबाहेरच्या नव्या वस्तीत राहतो. तिलाही तिकडेच जायचे होते. मला तेव्हा वाटायचे, किती अरसिक बाई! इतक्या सुंदर घरात राहते आणि लिफ्टची स्वप्ने बघते.’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘मी वर्षभर राहिले, पण राहिले नाहीच, पाहातच होते.’

त्या मुलीला मी काय उत्तर देणार? मी स्वतः वीस वर्षे राहिले होते आणि पाहिले नव्हते.

ती पुण्याला गेली, तुळशीचे लग्न झाले आणि घर रिकामे करायला काढले. आता इथे मला एक जुना मोह सांगितला पाहिजे. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’मध्ये लेखक असे सांगतो, की आपल्या नायकाच्या कथेचा हरवलेला भाग आपल्याला टोलेडोच्या बाजारात मिळाला, एक पोरगा जुन्या वह्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याला विकीत होता, त्यांत. ती अर्थातच लेखकाची लबाडी आहे. पण मराठीच्या प्राध्यापकाला असली लबाडी फार गोड वाटते. ‘लीळाचरित्र’ही शतकानुशतके महानुभावांच्या मठांतून, सांकेतिक लिपीच्या कुलपात होते, विसाव्या शतकाच्या आरंभी ते कुलूप उघडले आणि याच बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या वि. भि. कोलत्यांनी १९७८ साली त्याची मोठी संपादित प्रत सिद्ध केली. मठात ते टिकले का? कुणी पाहायला ठेवले म्हणून नव्हे. रोज वाचणारी, नकलून घेणारी माणसे होती म्हणून. तेव्हा बळदाच्या तळाशी कागदांचे एक गाठोडे निघाले, तेव्हा माझे काळीज धडधडले. पदराने धूळ झटकीत मी ते ओसरीवर आणले.

पोथी नव्हती. मामंजींनी जपून ठेवलेल्या कापसाच्या पावत्या होत्या, एकाधिकार खरेदीच्या काळातल्या. वर्ष, वजन, प्रत, रक्कम. मी निराश होऊन गाठोडे पुन्हा बांधणार, इतक्यात लक्षात आले की प्रत्येक पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत काही लिहिलेले आहे. त्या वर्षीचा खर्च. सासूबाई समोर बसल्या. त्यांना वाचता येत नाही. ‘वाच,’ त्या म्हणाल्या.

मी १९८३ ची पावती वाचली. ‘धाब्यावर माती, दोन गाड्या. सोसायटीचा हप्ता. पोराला दप्तर. लोणारास धारेवर स्नान, नारळ एक. हिला लुगडे, पुढल्या साली.’

सासूबाईंनी विचारले, ‘पुढल्या सालची हाय का?’

मी १९८४ ची शोधून काढली. धाब्यावर माती होती. हप्ता होता. बैलाचे औषध होते. तळाशी पुन्हा तेच : ‘हिला लुगडे, पुढल्या साली.’

सासूबाई हसल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या बाकीवर माणूस रागावेल असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, ‘तिसऱ्या साली घेतलं. हिरवं व्हतं. पह्यलं नेसून लोणारले गेलो, कमळजेच्या पाया पडाले. पाह्य तं, लिवलं हाय का?’

१९८५ ची पावती गाठोड्यात नव्हती. उंदरांनी खाल्ली असावी. मी तसे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मंग तू लिव.’

मग मी माझ्या तासाच्या वहीतले एक पान फाडले, त्यावर ‘१९८५. हिरवे लुगडे घेतले. लोणार, कमळजादेवी’ एवढे लिहिले आणि पावत्यांत त्या जागी घातले. वीस वर्षे मराठी शिकवून एवढे एकच वाक्य मी लिहिले असेल, ज्याची कुणाला खरोखर गरज होती. म्हाइंभट गावोगाव फिरून आणखी निराळे काय करीत होते?

नवे घर आता उभे आहे. स्लॅबचे आहे, उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात कोरडे राहते. जुने सागवानी दार चौकटीसकट पुढच्या बाजूला लावले आहे. ते भाचीसाठी नव्हे. सागवान चांगले होते आणि नवे परवडत नव्हते. पांढरी माती शेतात गेली. जुन्या घरांची माती पिकाला चांगली, असे आमच्याकडे मानतात. झरोका मात्र गेला तो गेलाच. दुपारी मधल्या खोलीत गेले की जमिनीवर त्या कवडशाची जागा अजून माझी नजर शोधते.

यंदाच्या दिवाळीला भाची पुन्हा यायची आहे. आता तिने ‘तुझ्याकडे पाहण्यासारखे काय आहे’ असे विचारलेले नाही. ‘किती दिवस राहू?’ एवढेच विचारले आहे. पावत्यांचे गाठोडे नव्या घरातल्या लोखंडी कपाटात, बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवले आहे. किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते.